मोटारीची खांदशेकणी

"किती दिवस लागतील?" असं कोणी विचारलं की माझं डोकं फिरायचं. मोटार कधी चालेल ते मोटारीला विचारा, मिस्त्रीला विचारू नका, असं मी गिऱ्हाइकाच्या तोंडावर सांगायचो. त्यामुळे हात चांगला पण तोंड वाईट, अशी चांद्यात माझी ख्याती झाली होती. बसअड्ड्याच्या मागे चार लाकडी बल्ल्या आणि त्यावर टिन, एवढंच माझं गॅरेज. बल्लारपूरकडे लाकडाच्या आणि कोळशाच्या ट्रकांची वर्दळ नुकती वाढत होती आणि ते सगळे ट्रक खोकत खोकत माझ्याकडे यायचे. पोट त्यांच्यावर चालायचं. जीव मात्र माझा जुन्या विलायती मोटारींवर होता. अशी एखादी रस्त्यानं गेली की मी हातातला पाना खाली ठेवून ती वळेपर्यंत बघत बसायचो.

म्हणून तो दिवाणजी आला तेव्हा मी त्याला बसायला स्टूल दिलं. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती आणि हा एका गेलेल्या मालगुजाराचा दिवाणजी होता. मालक वारला होता. त्याचा मुलगा नागपूरला वकिली करायचा. त्याच्या बापाची मोटार गडचिरोलीच्या पलीकडे जंगलातल्या एका खेड्यात दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून उभी होती, आणि बापाची आठवण म्हणून ती पुन्हा नव्यासारखी करून घ्यावी असं मुलाच्या मनात आलं होतं. दिवाणजीच्या मनात तसं काही नव्हतं. त्याला त्या जंगलातल्या फेऱ्यांचा कंटाळा आला होता. त्यानं मला सरळ सांगितलं की मोटार आपल्या चाकांवर सडकेपर्यंत आली तर न्यायची. नाही आली, तर शनिवारसाठी बैलबंड्या आणि एक भंगारवाला त्यानं ठरवून ठेवला होता. तो तिथंच मोटार तोडून लोखंड घेऊन जाणार होता. गाव सरकारकडे गेलं, मोटार ज्या मांडवात उभी आहे त्याची जागा मोकळी करून द्यायची, आता थांबायला वेळ नाही, म्हणाला.

मी टायर, बॅटरी, पेट्रोलचे डबे आणि माझी हत्यारांची पेटी घेतली आणि निघालो. थंडीचे दिवस होते, धान कापून झालं होतं. ट्रक नाल्यापर्यंतच गेला. पुढे पूल नव्हता, नुसती बंडीवाट, आणि नाल्याचा काठ इतका उभा की बैलसुद्धा मागचे पाय रोवून, फुरफुरत उतरले. तेव्हाच माझ्या मनात आलं की या उतारावरून मोटार उतरवायची म्हणजे ब्रेक पक्का पाहिजे.

मोटार कवेलूचं छप्पर असलेल्या एका मांडवात होती. दाराशी एक म्हातारी बसली होती. इथल्या राखणदाराची बायको, दिवाणजीनं सांगितलं. राखणदार मरून गेला होता. म्हातारी उठली, तिनं दारावरच्या बांबूच्या ताट्या बाजूला केल्या, आणि मी आत पाऊल टाकून तसाच उभा राहिलो.

मी आजवर सोडून दिलेल्या खूप मोटारी पाहिल्या होत्या. त्यात कोंबड्या अंडी घालतात, उधळी, म्हणजे वाळवी, गाद्या खाते, कोणी दिवे काढून नेतो, कोणी काच. इथं कापडी टप उंदरांनी कुरतडला होता हे खरं, टायरही तडकून गेले होते. पण मोटार पुसलेली होती. दोन्ही दिवे जागच्या जागी होते. रेडिएटरचं पितळ चिंचेनं घासलेलं होतं आणि त्यात मला माझं तोंड दिसलं. बॉनेट उघडलं तर आत कोळिष्टक नाही. मी हँडल लावून बघितलं, आणि जे इंजिन घट्ट धरून बसलेलं असायला हवं होतं ते थोडं कुरकुरून फिरलं. मी म्हातारीकडे वळून पाहिलं, तर ती माझ्याकडे नाही, मोटारीच्या चाकांकडे बघत होती.

"जाईल का आता हे?" तिनं विचारलं.

जाईल, म्हटलं. दुसऱ्या कोणी विचारलं असतं तर मी खेकसलो असतो.

इंजिनानं मला फार त्रास दिला नाही. दोन-तीन दिवसांत मी कार्बोरेटर धुतला, टायर चढवले, बॅटरी लावली, प्लग घासले, आणि एका दुपारी ते एकदा शिंकलं, दोनदा शिंकलं आणि धडधडायला लागलं. सारं गाव मांडवासमोर गोळा झालं. मी मोठ्या ऐटीत आत बसलो, गिअर टाकला, आणि मोटार जागची हलली नाही. मागची दोन्ही चाकं जाम. हँडब्रेक वर ओढलेला होता आणि खाली जातच नव्हता. मालकानं जाताना तो ओढला होता, तो तसाच.

त्या संध्याकाळी मी म्हातारीच्या शेजारणीच्या अंगणात जेवायला बसलो तेव्हा तिच्याकडून सगळी हकीकत कळली. लढाईच्या दिवसांत मालक शिकारीला आला होता. पेट्रोल संपलं, कुठं मिळेना. मग मोटार मांडवात लावून तो बंडीनं परत गेला आणि जाताना राखणदाराला म्हणाला, मी पेट्रोल घेऊन येतो, ही इथून निघेपर्यंत हिला सोडून कुठं जायचं नाही. राखणदारानं हो म्हटलं. मालक आला नाही. राखणदार मरताना बायकोला म्हणाला, आता तू बघ. आणि ही बघत राहिली. एकुलती एक लेक, नदीच्या बाजूच्या गावी दिलेली. तिच्या लग्नाचा मांडव नवऱ्याच्या गावी पडला, तिथं ही गेली नाही. लेकीला पोरं झाली, तेव्हाही गेली नाही. बाप गेला तेव्हा लेक आली होती, आणि जाताना सगळ्या गावासमोर आईला म्हणाली की ती मोटार तुझी लेक का मी, ते एकदा ठरव. त्यानंतर ती या गावाला आली नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी हात धुतले आणि तसाच म्हातारीकडे गेलो. राग तिचा नव्हता, त्या पेट्रोल आणायला गेलेल्या माणसाचा होता, पण समोर तीच होती. मी म्हटलं, माय, मालक मेला, मालगुजारी गेली, त्याच्या पोराला तुझं नावही माहीत नाही, तुले धरून कोनी ठेवलं इथी?

ती शेकोटीत काटकी सारत होती. माझ्या आवाज चढवण्याचं तिला काही वाटलं नाही.

"मालकाले कोन विचारते, बापू? शब्द माह्या घरच्यानं देल्ला होता. तो मेला मनून काय शब्द मेला?"

मी विचारलं, आणि शनिवारी ते मोटारीचे तुकडे करून घेऊन गेले तर?

"मंग मी इथीच राहीन," ती म्हणाली. "हे इथून निघाली पायजे, असं सांगतलं होतं. तोडून नेली त हे निघाली कुठी?"

मी परत आलो. रात्रभर मात्र मला एकच दिसत होतं की या बाईच्या आणि तिच्या लेकीच्या मधे ना नदी आहे ना जंगल, एक ब्रेकची तार आहे, आणि ती माझ्या हातात आहे.

आता ती तार समजून घ्यायला हवी. या मोटारीला पायाचा आणि हाताचा ब्रेक एकाच तारेवर होता. बोटभर जाडीची, पिळाची, पोलादी तार. ती ड्रायव्हरच्या पायाजवळून निघून मोटारीच्या पोटाखालून एका लांब नळीतून मागच्या चाकांपर्यंत जायची. ब्रेक ओढला की तार नळीत सरकते आणि चाकं धरते. सोडला की उलटी सरकते. इथं तार नळीत रुतून बसली होती. मी पोत्यावर उताणा पडून खाली शिरलो, दोन्ही टोकांच्या पिना ठोकून काढल्या, आणि चाकं सुटली. दिवाणजी टाळी वाजवून म्हणाला, झालं, चला.

झालं कसं? चाकं फिरतात, पण ब्रेक कुठे आहे? त्या नाल्याच्या उतारावर बिनब्रेकाची मोटार म्हणजे मोटारही गेली आणि मीही गेलो. दिवाणजीला आणखी एक अक्कल सुचली, बैल जुंपून ओढून नेऊ. मी म्हटलं, उतारावर ती बैलांच्या अंगावर जाईल तेव्हा बैलांना तुम्ही सांगाल का बाजूला व्हायला? तो फुगून बसला. नवी तार आणावी म्हटलं तर तशा मोटारी निघणंच बंद झालेलं, मुंबई-कलकत्त्यालाही ती मिळाली नसती. सायकलची तार तिथं पुरली नसती. तेव्हा हीच तार, अख्खी, न तोडता नळीतून बाहेर काढायची, साफ करायची आणि पुन्हा घालायची. दुसरी वाट नव्हती.

मी घासलेट ओतलं. ते नळीच्या तोंडाशीच तळं करून राहिलं. पकडीनं टोक धरून ओढलं, हलेना. लाकडाचा ठोकळा धरून हळूहळू ठोकलं, हलेना. नळीला हातोडीनं वाजवत पुढून मागे आणि मागून पुढे गेलो, कारण गंज असला की हादऱ्यानं सुटतो. तरी ती हलेना. गंज नळीभर माजला असणार, तारेचं पीठ झालं असणार, असं मला वाटायला लागलं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी दोन्ही पाय मोटारीच्या सांगाड्याला लावून, दात ओठ खात तारेला असा हिसका दिला की टोकाचा एक धागा तटकन तुटला आणि माझ्या अंगठ्यात घुसला. मी पाना फेकून दिला. तो मांडवाच्या कुडाला लागून खाली पडला आणि म्हातारी दचकून उभी राहिली. मी तिच्या देखत त्या मोटारीला, तिच्या मालकाला, मालकाच्या मुलाला आणि ज्यानं मला हे काम सांगितलं त्या दिवाणजीला ज्या शिव्या दिल्या त्या इथं लिहिता येत नाहीत. शनिवार उद्यावर आला होता.

अंगठा चोखला तेव्हा जिभेवर एक चव आली. गंजाची चव मला माहीत आहे, जन्म त्यातच गेला. ही ती नव्हती. मी अंगठा बघितला तर रक्ताच्या बाजूला नखाखाली पिवळं. वास घेतला. हळद होती, आणि टोळीचं तेल. मोहाच्या बियांना तिकडे टोळी म्हणतात. घराघरात तिचं तेल असतं आणि थंडीत ते तुपासारखं थिजतं. पण मोटारीच्या ब्रेकच्या नळीत टोळीचं तेल आणि हळद?

मी मोटारीखालूनच हाक मारली आणि विचारलं, माय, या नळीत कोनी काही टाकलं होतं का?

ती मोटारीपाशी येऊन उकिडवी बसली. मग तुकड्यातुकड्यानं जे सांगितलं ते ऐकून मी खालीच पडून राहिलो. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे बैलांची खांदशेकणी असते. वर्षभर जू ओढून सोललेले खांदे गरम पाण्यानं शेकायचे, पळसाच्या पानानं हळद आणि तूप लावायचं, आणि आज आवतन घ्या, उद्या जेवाले या, असं बैलाला सांगायचं. त्या राखणदाराच्या घरी बैल नव्हते. मोटार होती. तो म्हणाला, हिनंही मालकाला ओढलं आहे, हिचाही खांदा शेकला पाहिजे. पण मोटारीचा खांदा कुठे असतो? त्यानं खाली वाकून बघितलं, तर पोटाखालून एक लांब नस गेलेली दिसली. खांदा नाही तर नस, असं म्हणून त्यानं पळसाच्या पानाचा द्रोण केला आणि हळद घातलेलं कोमट तेल त्या नळीच्या तोंडात सोडलं. इंजिनात जिथं जिथं भोक सापडलं तिथंही सोडलं. दर पोळ्याला. तो गेल्यावर हिनं तेच चालू ठेवलं. घरात टोळी कमी पडली त्या वर्षी हिनं स्वतःच्या डोक्याला तेल लावलं नाही, पण मोटारीचं चुकवलं नाही.

इतक्या वर्षांचं तेल, वरून हळद. नळीत त्याचा थरावर थर बसून डिंक झाला होता.

"मनजे मीच बांधून ठेवलं तिले?" म्हातारी म्हणाली.

तिच्या तोंडाकडे बघवेना. लेकीचं लग्न, नातवंडं, सगळं जिच्यापायी सोडलं, तिला आपणच खुंट्याला बांधलं असं तिला वाटलं. माझ्याही तोंडावर राग आलाच होता, खोटं कशाला बोलू. पण तेवढ्यात माझी नजर हातातल्या तुटलेल्या धाग्यावर गेली. मी तो अंगठ्यातून काढला होता आणि तसाच चिमटीत धरला होता. मांडवाबाहेर येऊन मी तो उन्हात धरला. वरचं पिवळं नखानं खरवडलं. खालून पोलाद निघालं, लख्ख, दुकानातून आजच आणलेल्या सुईसारखं. गंजाचा एक ठिपका नाही.

मी थक्क झालो. माझ्या सगळ्या कारागिरीत मी तसा थक्क कधी झालो नव्हतो. त्या मांडवात पावसाळ्याचे चार महिने भिंतीला बुरशी यायची. तिथं उघडी पडलेली तार तीन पावसाळ्यांत मातीला मिळाली असती, आणि मग जगातल्या कुठल्याही मिस्त्रीनं काही केलं असतं तरी ही मोटार उभी राहिली नसती. ज्या तेलानं तिला धरून ठेवलं होतं त्याच तेलानं तिला जिवंत ठेवलं होतं. इंजिन का फिरलं तेही मला आता कळलं. मी धावत जाऊन तो धागा म्हातारीच्या तळहातावर ठेवला आणि म्हटलं, बघ माय, तुह्या तेलानं वाचली ही. आता फक्त तेल पातळ करू.

पातळ करायचं म्हणजे शेकायचं. हे सांगायला मिस्त्री लागत नाही. मी पेट्रोलची टाकी उतरवून दूर धानाच्या खळ्यापलीकडे नेऊन ठेवली. शनिवारी सकाळी शेजारच्या चार बायका हंडे घेऊन आल्या. मांडवाबाहेर तीन चुली पेटल्या. उकळतं पाणी आणायचं, त्यात पोत्याचे तुकडे बुडवायचे, आणि नळीला या टोकापासून त्या टोकापर्यंत गुंडाळायचे, निवले की बदलायचे. मी घमेल्यात निखारे घेऊन नळीच्या खाली सरकवत होतो. थंडीत सगळा मांडव वाफेनं भरून गेला. बायका आपसात गोंडीत बोलत होत्या, हसत होत्या, मोटारीचं बाळंतपण चाललंय असं एकीनं मला मराठीत समजावून सांगितलं. म्हातारी हसत नव्हती. मी तिला मागच्या टोकाशी बसवलं होतं आणि तारेचं टोक मुठीत धरायला सांगितलं होतं. ओढायचं नाही, नुसतं धरायचं. काही जाणवलं तर सांगायचं.

दुपारच्या आत भंगारवाल्याच्या बंड्या आल्या. त्यानं घण आणि छिन्न्या उतरवल्या, मोटारीभोवती एक फेरी मारली, आणि दिवाणजीजवळ बिडी ओढत बसला. दिवाणजीनं मला विचारलं, किती वेळ? मी निखाऱ्यांचं घमेलं पुढे सरकवलं.

आता ओढायचं नाही हे मी शिकलो होतो. तार पिळाची होती. मी पुढच्या टोकाला पकड लावली आणि तार पिळाच्या दिशेनं वळवू लागलो, केसभर, मग उलटी केसभर. पोत्याचे तुकडे बदलत होते, पाणी माझ्या मानेवरून पाठीत जात होतं, निखाऱ्यांनी दंड भाजत होता. मग नळीच्या तोंडाशी एक पिवळा थेंब दिसला. तो लोंबला, लांबला आणि पडला. दुसरा आला. मी पुन्हा तार वळवली, आणि तेव्हा मला काहीच जाणवलं नव्हतं, खरं सांगतो, माझे हात बधिर झाले होते.

"हालली," मागून म्हातारी म्हणाली.

मी म्हटलं, नीट सांग.

"हालली, बापू. माह्या मुठीत हालली."

बायकांनी हातातलं काम थांबवलं. मी पुन्हा वळवलं आणि या वेळी मलाही कळलं. मग मी वळवत वळवत माझ्याकडे घेत गेलो आणि तार यायला लागली. आधी बोटभर, मग वीतभर, पिवळ्या मधासारख्या घट्ट तेलात न्हालेली. पुढे ती इतकी सहज आली की मी घाबरून थांबलो. सगळी बाहेर आली तेव्हा ती सरळ करून धरायला आम्हाला मांडवाच्या बाहेर जावं लागलं. राखेनं आणि चिंध्यांनी पुसत गेलो तसतशी ती उन्हात उजळत गेली. भंगारवाला बिडी टाकून जवळ आला, त्यानं तारेवर अंगठा फिरवला, आणि मुकाट्यानं आपले घण बंडीत परत ठेवायला लागला.

नळी गरम पाण्यात ठेवलेल्या घासलेटनं धुतली, ग्रीस भरलं, तार घातली, पिना बसवल्या, टाकी चढवली. हँडब्रेक ओढला, सोडला. चाकं धरली, चाकं सुटली. मी तो ओढत आणि सोडत किती वेळ बसलो कोण जाणे.

मोटार मांडवातून आपल्या चाकांवर निघाली. म्हातारीनं मागे ताट्या लावल्या, एका हातात गाठोडं आणि दुसऱ्या बगलेत एक कोंबडी घेतली, आणि माझ्यापाशी येऊन म्हणाली, आता मी लेकीकडे जाते, पायी जाईन, उद्यापर्यंत पोचीन. पायी कशाला, मी म्हटलं, बस मागे. दिवाणजी ओरडला की ते गाव उलट्या बाजूला आहे, पेट्रोल कोण देणार? मी म्हटलं, एवढ्या मोठ्या उतारावर नेण्याआधी ब्रेक लांबच्या वाटेवर तपासून घ्यावा लागतो, आणि ब्रेक पास का नापास हे मिस्त्री ठरवतो. त्याला मोटारीतलं काही कळत नव्हतं, हे त्या दिवशी कामी आलं.

म्हातारी आधी मोटारीत खालीच बसली, पाय ठेवायच्या जागी. मी खेकसलो तेव्हा गादीवर बसली, एकदम ताठ. इतकी वर्षं पुसली, पण आत बसायची तिची ही पहिलीच खेप. सागाच्या जंगलातून बंडीवाटेनं आम्ही निघालो. शेताच्या धुऱ्यावरची माणसं बाजूला होऊन बघत होती. उतार आला की मी ब्रेक दाबायचो आणि तो धरायचा, आणि दर वेळी मला नव्यानं नवल वाटायचं. माझ्या पायाखाली त्या दोघा नवराबायकोचे सगळे पोळे होते.

लेकीचं घर गावाच्या कडेला होतं. आवाज ऐकून ती बाहेर आली, कडेवर पोर होतं. मोटार दिसली आणि तिचा चेहरा असा झाला की मी ब्रेक जरा दूरच लावला. मग तिला आत बसलेली आई दिसली. ती तिथंच उभी राहिली. म्हातारी आत बसून राहिली. मला असलं ताटकळणं सहन होत नाही. मी म्हटलं, घे बाई, आनली तुही माय.

लेक पुढे आली. दाराची कडी तिला उघडता येईना, ती नुसती हिसके देत राहिली. मी उतरून उघडली.

"उतर," ती आईला म्हणाली. "आता त उतर."

म्हातारीनं आधी कोंबडी लेकीच्या हातात दिली, मग गाठोडं, मग खाली उतरली. पोराला कडेवर घेतलं आणि चालायला लागली.

मी इंजिन बंद केलं नव्हतं. मला वाटत होतं ती आता वळेल. बॉनेटवर हात ठेवेल, रडेल, काही तरी बोलेल. इतकी वर्षं तिनं या मोटारीची सेवा केली होती, आणि ही आता नागपूरला जाणार, पुन्हा दिसणार नाही. मी वाट बघत राहिलो. ती दाराशी वाकली आणि आत गेली. तिनं वळून पाहिलं नाही. मला चक्क मोटारीसाठी वाईट वाटलं.

लेक माझ्यासाठी लोट्यातून पाणी घेऊन आली. मी तिला म्हटलं, तुही माय एकदा पाहतबी नाई का मोटारीकडे? एवढा जीव लावला तिनं.

"कोनावर, मोटारीवर?" लेक म्हणाली. "तिले हे मोटार कधीच आवडली नाई, भाऊ. पहिल्या दिवसापासून नाई."

मी लोटा तोंडाशी नेला होता तो तसाच राहिला. मी त्या पितळावर हात फिरवून थक्क झालो होतो, त्या तारेवर थक्क झालो होतो, आणि मला वाटत होतं की हे सगळं मला कळलं आहे. मी पाणी प्यालो, लोटा परत दिला आणि मोटारीत बसून ब्रेक सोडला. आत म्हातारी नातवाला विचारत होती, तुहं नाव काय रे?